लहान गोळीचा पुरता हिशेब

रायफलीच्या काडतुसांवर एका कामगार कार्यकर्त्याने काय म्हणून बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. शाळा सुटल्यावर मी छापखान्यात खिळे जुळवू लागलो, तेव्हा एक वृद्ध जुळारी रोज बजावीत, "हात धुतल्यावाचून भाकरीला शिवू नकोस." खिळ्यांत शिसे असते आणि ते पोटात गेले की रक्तात भिनते. तेव्हापासून शिसे कोठून निघते आणि कोणाच्या अंगात जाते, हे पाहण्याची मला खोड लागली.

अमेरिकेच्या पश्चिम भागात शेतात बिळे करणाऱ्या खारी व मेंढरांवर पडणारे कोयोट नावाचे कोल्हे मारण्यासाठी बारीक नळीच्या रायफली वापरतात. त्यांतले सर्वांत परिचित काडतूस म्हणजे १८८७ सालचे पॉइंट टू-टू लाँग रायफल. त्याच्या बुडाच्या कडेत स्फोटक मसाला भरलेला असतो. घोडा दाबला की कडेवर आघात होतो, मसाला पेटतो, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे रेटतो. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर.

१९५० साली रेमिंग्टन कंपनीने पॉइंट टू-टू-टू हे काडतूस आणले. त्याची गोळी सव्वातीन ग्रॅमची. परंतु वेग ९५० मीटरच्या घरात. वजनात फरक थोडा, मात्र वेग तिप्पट झाला की आघाताची शक्ती नऊपट होते. जुनी संथ गोळी दगडावर आपटली तर उसळून भलतीकडे जाऊ शकते. ही वेगवान गोळी, तिचे कवच पातळ असल्यास, आपटताच फुटते. त्यामुळे माणसांचा धोका कमी होतो आणि जनावरही तळमळत राहत नाही. एवढा हिशेब चोख आहे.

पण फुटलेल्या गोळीतले शिसे जाते कोठे? ते बारीक कणांच्या रूपाने मेलेल्या खारीतच राहते. खार माळावर पडून राहते आणि गरुड तिला खातो. कॅलिफोर्नियातले काँडॉर हे प्रचंड गिधाडही अशीच मढी खाऊन जगते. १९८२ साली ते अवघे २२ उरले होते. त्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण शिसे हेच ठरले. तेथे २०१३ साली कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आली. आता तांब्यासारख्या बिनशिशाच्या गोळ्या वापराव्या लागतात.

आपल्याकडची गिधाडेही मेलेल्या गुरांतूनच विष खाऊन गेली. ते विष डायक्लोफेनॅक या औषधाचे होते. गुरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली.

शेतकऱ्याचे नुकसान खोटे नाही. पण छापखान्यातल्या पोराला हात धुण्याची ताकीद देता येत होती. पक्ष्याला ती देता येत नाही. म्हणून शिसे टाळण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्याचीच आहे.