दुकानातील जुना संगणक लिनक्सवर चालविताना

व्यापारी व कारागीर बांधवांसाठी काही उपयुक्त सूचना

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस पुढे एका वर्षाची सवलत दिली, इतकेच. विंडोज ११ बसवायचे म्हटले तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक एका फटक्यात बाद! कापड दुकानात, शिलाईच्या कारखान्यात किंवा बांबूकामाच्या वर्कशॉपमध्ये जे यंत्र बिल, उधारी आणि पत्रव्यवहार एवढेच काम करते, ते चांगले चालत असताना भंगारात का घालावे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल.

याला एक चांगला पर्याय आहे, तो लिनक्सचा. तथापि त्याचे फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात, अडचण आली तर काय करावे हे सांगणारे कमी. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात ही बाब महत्त्वाची आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. सिरोंचा, अहेरीच्या दुकानदाराने संगणकाचा मेकॅनिक चंद्रपूरहून किंवा नागपूरहून बोलवायचा तर दिवस मोडतो. सबब किरकोळ बिघाड आपला आपण ओळखता आला पाहिजे.

लिनक्स म्हणजे काय?

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा तयार केला व सर्वांसाठी खुला ठेवला. जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. ही प्रणाली फुकट मिळते, कितीही संगणकांवर बसविता येते आणि दुसऱ्याला दिली तरी कायद्याचा भंग होत नाही. चोरीच्या विंडोजवर धंद्याचा हिशेब ठेवण्यापेक्षा हे केव्हाही इमानदारीचे व निर्धास्त.

केरळमधील सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून मुले लिनक्सवर शिकत आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली काढली. पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या मंडळींनी ‘लोहित’ हे देवनागरी व इतर भारतीय लिप्यांचे फॉन्ट घडविण्यात मोठा वाटा उचलला. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्स व लिबरऑफिस शिकविणारे छोटे छोटे पाठ तयार केले असून त्यांतील बरेच पाठ मराठी आवाजात आहेत. ज्यांचे इंग्रजी बेताचे आहे, त्यांनी तेथूनच सुरुवात करावी.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ. नवख्या माणसाला ‘लिनक्स मिंट’ सोयीचे, कारण त्याची मांडणी विंडोजसारखी आहे. ४ जीबी रॅम असली तर ते ठीक चालते. त्यातही यंत्र मंद असेल तर ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्यावी. मात्र फार जुन्या, ३२ बिटच्या संगणकावर मिंटच्या चालू आवृत्त्या बसत नाहीत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्यास यंत्राच्या वेगात जो फरक पडतो, तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही.

थान घेण्याआधी कोपरा तपासा

कापडाचे थान घेण्याआधी आपण कोपरा ओला करून रंग जातो का पाहतो. लिनक्सचेही तसेच करता येते. ते पेन ड्राइव्हवर उतरवून, संगणक सुरू होताना एफ १२ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ वेगळी असते) दाबून पेन ड्राइव्हवरूनच चालवावे. हार्ड डिस्कला हात लागत नाही. या अवस्थेत चार गोष्टी तपासाव्यात: वायफाय पकडते का, आवाज येतो का, प्रिंटरवर कागद निघतो का, आणि आपल्या जुन्या फाइली नीट उघडतात का. चारही जमल्या तरच पुढे जावे.

काय चालणार नाही, तेही आधी जाणून घ्यावे. टॅली हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवर ते सरळ चालत नाही. ज्यांचा सगळा कारभार टॅलीवर आहे, त्यांनी एक विंडोजचे यंत्र ठेवावे व बाकीची यंत्रे बदलावीत. जीएसटीचे पोर्टल फायरफॉक्समध्ये उघडते, परंतु त्याचे ऑफलाइन टूल विंडोजसाठी आहे. डिजिटल सहीचा डोंगल लिनक्सवर त्रास देतो. एकट्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला मोबाईलवरील ओटीपीने सही करता येते, त्यामुळे लहान दुकानदाराचे सहसा अडत नाही.

मराठी आणि उर्दू

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रे लिनक्सवर उघडली की भलतीच अक्षरे दिसतात. फाइल खराब झालेली नसते. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज काढण्यापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, किंवा निदान पीडीएफ करून ठेवावा.

मराठी टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’ या भागात जाऊन मराठी किंवा देवनागरी इनस्क्रिप्ट जोडावा. उर्दूसाठी ‘उर्दू फोनेटिक’ जोडावा, म्हणजे रोमन उच्चाराप्रमाणे अक्षरे उमटतात. उर्दू अक्षरे नस्ख वळणाची दिसत असतील तर ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा फुकट मिळणारा फॉन्ट बसवावा. लिबरऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याचे बटण दिसत नसेल, तर ऑप्शन्समधील लँग्वेजेस या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करावे. इनपेज मात्र लिनक्सवर सरळ चालत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

नेहमीच्या तक्रारी

प्रिंटर दिसतो, पण कागद निघत नाही. एचपीच्या लेझरजेट १०२०, पी ११०८ अशा प्रिंटरना एक जादा ‘प्लगइन’ लागते. ते इंटरनेटवरून एकदाच उतरवावे लागते. पुढे कधी एचपीचे सॉफ्टवेअर अपडेट झाले आणि छपाई अचानक थांबली, तर तेच प्लगइन पुन्हा बसवावे. कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसविणे खटपटीचे असते. तो असेल तर आधीच खात्री करावी. छपाई मध्येच अडकली तर पुन्हा पुन्हा प्रिंटचे बटण दाबू नये. प्रिंटरच्या रांगेतील अडकलेले काम रद्द करावे आणि प्रिंटर ‘पॉज’ झाला असेल तर पुन्हा चालू करावा.

वायफाय मिळत नाही. मोबाईल यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. इंटरनेट आले की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा. वायफायच्या चिपसाठी योग्य ड्रायव्हर असेल तर तो तेथे दिसतो.

बँकेचे किंवा जीएसटीचे पान ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाही. आधी संगणकातील तारीख पाहावी. जुन्या यंत्राचा मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागच्या एखाद्या सालावर जाते, आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू ठेवावी. रोज सकाळी तारीख बिघडत असेल तर सेल बदलावा. विंडोज व लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर असतील तर घड्याळात साडेपाच तासांचा फरक दिसू शकतो. तो सेलचा दोष नव्हे. दोन्ही प्रणाली घड्याळ वेगळ्या रीतीने वाचतात, त्याचा तो परिणाम.

पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येत नाही. पासवर्ड टाकावा आणि पुन्हा तेच दार समोर यावे, असे झाले तर बहुधा डिस्क गच्च भरलेली असते. कंट्रोल, आल्ट व एफ ३ दाबून काळ्या पडद्यावर नाव व पासवर्ड देता येतो आणि नको असलेल्या फाइली जाणकाराला विचारून काढता येतात. ही वेळच येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा ‘डिस्क युसेज ॲनालायझर’ उघडून जागा कोणी खाल्ली ते पाहावे.

वीज गेल्यानंतर यंत्र सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर ‘इनिट्रॅमएफएस’ असा शब्द येऊन थांबले, तर डिस्कवरील नोंदी अर्धवट राहिलेल्या असतात. वरच्या ओळीत डिस्कच्या ज्या भागाचे नाव आले असेल, ते एफ-एस-सी-के या आज्ञेपुढे लिहून तपासणी चालवावी, प्रश्नांना होकार द्यावा व मग यंत्र पुन्हा सुरू करावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. मात्र असे वारंवार होऊ लागले तर डिस्कच मरू घातली आहे, हे समजावे. त्या वेळी दुरुस्तीच्या मागे न लागता आधी हिशेबाच्या फाइली दुसरीकडे काढाव्यात. आमच्याकडे विजेचा भरवसा नसल्याने यूपीएसची बॅटरी चांगली ठेवणे हाच खरा उपाय.

पडदा गोठला. लगेच मेन स्विच ओढू नये. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत कंट्रोल, आल्ट व एस्केप एकत्र दाबल्यास पडद्याची मांडणी नव्याने सुरू होते आणि उघडे असलेले काम सहसा तसेच राहते.

पेन ड्राइव्हवरील फाइल अर्धीच गेली. लिनक्समध्ये ‘कॉपी झाले’ असे दिसले, तरी माल अजून वाटेतच असू शकतो. ‘इजेक्ट’ करून, काढण्यास हरकत नाही असा संदेश आल्यावरच पेन ड्राइव्ह उपटावा. बिल्टी मिळाली म्हणजे गाठ पोहोचली असे आपण धरत नाही, तसेच हे.

फाइल सापडत नाही. लिनक्स इंग्रजी मोठे अक्षर व लहान अक्षर वेगळे मानते. तेव्हा नावे देण्याची एकच पद्धत ठेवावी, उदाहरणार्थ साल, महिना, नंतर गिऱ्हाइकाचे नाव.

हिशेबाची दुसरी प्रत

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय आहे. ती चालू केली की आपला सगळा हिशेब सुरक्षित झाला, असा पुष्कळांचा समज होतो. हा समज चुकीचा आहे. टाइमशिफ्ट प्रणालीची प्रत ठेवते. आपल्या फाइली, म्हणजे रोजमेळ, उधारीची यादी, मापांची वही, या त्यात मुळात धरलेल्या नसतात. अपडेटनंतर यंत्र बिघडले तर टाइमशिफ्टने प्रणाली मागे नेता येते, पण डिस्क जळाली तर उधारी परत येत नाही. शिवाय टाइमशिफ्टच्या फार प्रती साठल्या की डिस्क भरते. दोन-तीन प्रती पुरेत.

आपल्या फाइलींसाठी मिंटमधील ‘बॅकअप टूल’ वापरावे, किंवा सरळ तो फोल्डर रोज रात्री गल्ला मोजताना एका पेन ड्राइव्हवर उतरवावा. पेन ड्राइव्ह दोन असावेत. एक दुकानात, एक घरी, आणि दर जुम्याला अदलाबदल. महिन्यातून एकदा घरच्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरू नये. उधारीची नोंद ही दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांची अमानत आहे. ती गेली तर पैसा जातोच, शिवाय माणसामाणसांत वाद लागतो.

सीए साहेबांना फाइल पाठविताना लिबरऑफिसची फाइल एक्सेलच्या रूपात ‘सेव्ह ॲज’ करून पाठवावी. कोटेशन व बिले मात्र पीडीएफ करूनच द्यावीत, म्हणजे समोरच्याकडे रकाने सरकत नाहीत.

बिघाड शोधण्याचा क्रम

कोणतीही तक्रार असो, या क्रमाने पाहावे. पहिले, वीज व केबल. दुसरे, डिस्कवर जागा. तिसरे, तारीख व वेळ. चौथे, काल काय बदलले: अपडेट, नवा प्रिंटर, नवे सॉफ्टवेअर? पाचवे, पडद्यावर आलेला इंग्रजी संदेश जसाच्या तसा कागदावर लिहून घ्यावा किंवा त्याचा फोटो काढावा. जाणकाराला फोनवर ‘संगणक चालत नाही’ एवढेच सांगितले तर तो काही करू शकत नाही. नेमका संदेश सांगितला तर निम्मे काम होते. आणि कोणीही पाठविलेली, अर्थ न कळणारी आज्ञा पासवर्ड देऊन कधी चालवू नये. त्या पासवर्डने सगळी डिस्क पुसली जाऊ शकते.

अपडेट मॅनेजरची ढाल दिसली की अपडेट जरूर करावे, पण वेळ पाहून. दरमहा विवरण भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या तोंडावर अपडेटला हात घालू नये. तसेच तेंदूपत्त्याची मजुरी हाती येऊन गावोगावचे गिऱ्हाईक बाजारात येते, त्या दिवसांत प्रणाली बदलण्याचा विचारही करू नये. त्यासाठी धंद्याचा मंदीचा आठवडा निवडावा, जुने विंडोज महिनाभर शेजारी राहू द्यावे, आणि सगळी कामे एकदा लिनक्सवर पार पडली की मगच ते काढावे. दोन्ही असताना विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ मात्र बंद ठेवावे. नाही तर लिनक्समधून विंडोजच्या फाइली वाचता येतात, पण त्यांत काही लिहिता येत नाही, अशी तक्रार उद्भवते.

ज्यांच्या घरात शिकणारी मुले-मुली आहेत, त्यांनी हे काम त्यांना सोबत घेऊन करावे. मुले चटकन शिकतात, आणि पुढच्या वेळी मेकॅनिकची वाट पाहावी लागत नाही.