चामड्याची सॅक : पारख, पाठ आणि पावसाळा

नोकरदारांच्या हातातील ब्रीफकेस केव्हाच इतिहासजमा झाली आणि खांद्यावरची शबनमही आता क्वचितच दिसते. लॅपटॉप, चार्जर, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि छत्री असा सगळा संसार घेऊन घराबाहेर पडणाऱ्या शहरी माणसाने पाठीवरची सॅक स्वीकारली, त्यालाही बरीच वर्षे झाली. त्यातही कार्यालयात शोभून दिसावी आणि अनेक वर्षे टिकावी, या अपेक्षेने चामड्याच्या सॅककडे वळणाऱ्यांची संख्या कमी नाही. मात्र पाच-सात हजार रुपये मोजून घेतलेल्या बॅगेचे पापुद्रे दोन पावसाळ्यांतच सुटू लागतात, तेव्हा आपण घेतले ते चामडे नव्हतेच, किंवा असलेच तर नावापुरते होते, हे ग्राहकाच्या लक्षात येते. दुसरीकडे, अस्सल चामड्याची बॅग घेऊनही ती वापरण्याची आणि राखण्याची पद्धत ठाऊक नसल्याने ती बुरशीच्या स्वाधीन करणारेही अनेक असतात. हे दोन्ही तोटे टाळायचे, तर चामडे म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावे लागते.

कातडे ते चामडे

जनावराचे कातडे तसेच ठेवले तर ते कुजते आणि वाळवले तर पुठ्ठ्यासारखे कडक होते. ते टिकाऊ व लवचिक व्हावे म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात, तिला कातडे कमावणे म्हणतात. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिला पारंपरिक. यात बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतींतील टॅनिन वापरले जाते. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच पद्धतीने कमावलेले असते. या चपलेला २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. असे चामडे भक्कम असते, वापरागणिक त्याचा रंग गडद होत जातो आणि त्याला एक वेगळेच तेज चढते. मात्र ते पाण्याला नाजूक असते. भिजले की त्यावर डाग पडतात आणि चुकीच्या रीतीने वाळवले तर ते आखडते. या प्रक्रियेला आठवडे, प्रसंगी महिने लागतात.

दुसरा प्रकार क्रोमियमच्या क्षारांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या या पद्धतीने काम काही तासांत किंवा एखाद-दुसऱ्या दिवसात आटोपते. हे चामडे मऊ व हलके असते, रंग चांगला धरते आणि पाण्याला तुलनेने अधिक दाद देत नाही. जगातील बहुतांश चामडे आज याच पद्धतीने कमावले जाते. रोज लोकलने वा बसने फिरणाऱ्या आणि पावसात सापडणाऱ्या माणसासाठी क्रोम पद्धतीची सॅक अधिक सोयीची ठरते. वनस्पतिजन्य चामड्याची सॅक घ्यायची, तर तिची निगा राखण्याची तयारी हवी.

‘जेन्युइन’ म्हणजे उत्तम नव्हे

कातड्याचा सर्वांत वरचा थर तंतूंच्या घट्ट विणीचा असतो. जसजसे खाली जावे, तसतशी ही वीण सैल होत जाते. चामड्याची प्रत मुख्यतः यावरच ठरते. वरचा थर न घासता, जनावराच्या अंगावरील ओरखडे, सुरकुत्या यांसकट जसाच्या तसा ठेवला, तर त्याला ‘फुल ग्रेन’ म्हणतात. ही सर्वांत टिकाऊ प्रत होय. वरचा भाग किंचित घासून एकसारखा केला, की बाजारात त्याला ‘टॉप ग्रेन’ हे नाव मिळते. दोष झाकण्यासाठी बरेच घासून त्यावर रंगाचा लेप व यंत्राने कृत्रिम रवा उमटवलेला प्रकार म्हणजे ‘करेक्टेड ग्रेन’. जाड कातडे यंत्रावर आडवे चिरल्यावर खाली उरतो तो ‘स्प्लिट’. तो चामडेच असतो. पण त्याची ताकद कमी असते आणि त्यावर प्लास्टिकचा लेप चढवून तो वरच्या थरासारखा दिसेल अशी व्यवस्था केलेली असते.

‘बॉन्डेड लेदर’ हा याहून वेगळा मामला. चामड्याच्या कातरणांचा भुगा चिकटद्रव्यात मिसळून तो कापडावर थापतात आणि वर लेप देतात. लाकडाच्या भुश्यापासून बनवलेल्या बोर्डाला लाकूड म्हणण्यासारखेच हे आहे. पट्ट्यांना सतत ताण सोसावा लागणाऱ्या सॅकसाठी ते अजिबात योग्य नाही. बॅगेवर छापलेले ‘जेन्युइन लेदर’ हे शब्द कोणतीही प्रत सांगत नाहीत. वस्तूत खरे चामडे आहे, एवढाच त्यांचा अर्थ. तो स्प्लिटही असू शकतो. म्हणून दुकानदाराला ‘चामडे खरे आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणत्या जनावराचे आणि कोणत्या थराचे?’ असे विचारावे. उत्तर देताना तो अडखळला, तर त्यातच बरेचसे उत्तर मिळते.

जनावराचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ सालच्या कायद्याने बंदी होती; २०१५ साली अमलात आलेल्या सुधारणेने ती बैल व वळूंनाही लागू झाली. म्हशी या बंदीत येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या चामडी वस्तूंमध्ये म्हशीच्या चामड्याला मोठे स्थान आहे. ते जाड, भक्कम आणि ठसठशीत रव्याचे असते. बकरीचे चामडे हलके असूनही चिवट असते; लहान आकाराच्या सॅकला ते चालते. मेंढीचे चामडे स्पर्शाला लोण्यासारखे असले, तरी ओझ्याच्या बॅगेसाठी ते फारच नाजूक.

रेक्झीन आणि ‘पीयू लेदर’ यांचा चामड्याशी संबंध केवळ दिसण्यापुरता. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतील दमटपणामुळे त्याचे रासायनिक विघटन होत जाते आणि काही वर्षांत बॅग न वापरताही लेप सुटू लागतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर घडते. ‘व्हीगन लेदर’ या आकर्षक नावाखाली विकली जाणारी पुष्कळशी उत्पादने याच जातीची असतात. प्राण्यांविषयीच्या भूमिकेतून चामडे नको असणाऱ्यांनी अशा लेपापेक्षा जाड कॅनव्हासची सॅक घ्यावी. ती अधिक टिकते.

पारख कशी करावी?

जाळून पाहण्याची युक्ती दुकानात चालत नाही आणि वासावर विसंबणेही धोक्याचे, कारण तसा वास कृत्रिमरीत्याही देता येतो. त्यापेक्षा कडा पाहाव्यात. पट्ट्याच्या वा झाकणाच्या न दुमडलेल्या कडेला तंतुमय थर दिसला, तर ते चामडे. कापडावर बसवलेला गुळगुळीत पापुद्रा दिसला, तर ती नक्कल. कडा सर्वत्र दुमडून किंवा जाड रंग लावून झाकलेल्या असतील, तर आतल्या कप्प्याची न झाकलेली बाजू शोधावी. बोटाने दाबल्यावर अस्सल चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात व बोट काढताच विरतात. संपूर्ण बॅगेवर रवा एकाच साच्यातला वाटला, तर तो यंत्राने उमटवलेला आहे असे समजावे. शेवटी, ओलसर पांढरा रुमाल पाठीकडच्या बाजूवर हलकेच घासावा. रुमालाला रंग लागला, तर उन्हाळ्यात घामाने तोच रंग सदऱ्याला लागणार.

चामडे उत्तम असूनही बॅगा निकामी होतात त्या बहुधा चेन, शिवण आणि पट्ट्यांचे सांधे यांमुळे. चेन धातूची व जाड असावी, रनर कोपऱ्यावर अडखळू नये. खांद्याचे पट्टे बॅगेला जोडले जातात तिथे एकेरी शिवण पुरत नाही. चौकोन व त्यात फुली अशी शिवण किंवा तिच्या जोडीला रिव्हेट असावे. दोरा नायलॉनचा वा पॉलिएस्टरचा चांगला, कारण सुती दोरा ओलाव्याने कुजतो. अस्तर फिकट रंगाचे असेल, तर आतली वस्तू चटकन सापडते. बॅगेच्या तळाला दुहेरी थर आहे का, हेही पाहून घ्यावे. कारण सर्वाधिक झीज तिथेच होते.

ओझ्याचा हिशेब

चामड्याच्या सॅकचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तिचे स्वतःचे वजन. नायलॉनची सॅक साधारणपणे किलोभराच्या आत असते. त्याच आकाराची चामड्याची सॅक रिकामीच दीड-दोन किलो भरते. त्यात दीड-दोन किलोंचा लॅपटॉप, चार्जर, लिटरभर पाणी आणि भरलेला डबा पडला, की ओझे सहा किलोंवर सहज जाते. शालेय दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राचे २०२० सालचे दप्तर धोरण सांगते. तो नियम मुलांसाठी असला, तरी रोज तासभर उभ्याने प्रवास करणाऱ्या प्रौढानेही तो डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही. साठ किलो वजनाच्या माणसाची मर्यादा मग सहा किलोंचीच भरते. म्हणून दुकानात रिकामी बॅग अडकवून आरशात पाहणे पुरेसे नाही. आपला लॅपटॉप व भरलेली बाटली सोबत नेऊन, त्या वस्तूंसह चार पावले चालून पाहावे.

रोजच्या कामासाठी पंधरा ते वीस लिटरची सॅक पुरते. मोठी घेतली की ती भरली जातेच. लॅपटॉपचा आकार इंचांत सांगतात, तो पडद्याच्या कर्णाचा असतो; त्यामुळे कप्प्याची लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजून घ्यावी. खांद्याचे पट्टे निदान दोन इंच रुंद व आतून गादी असलेले हवेत. अरुंद चामडी पट्टे दिसायला सुबक असतात, पण ते खांद्यात रुततात आणि कालांतराने ताणले जातात. जड वस्तू पाठीच्या लगतच्या कप्प्यात ठेवावी, पट्टे इतके आवळावेत की बॅग कमरेखाली लोंबणार नाही, आणि दोन्ही पट्टे वापरावेत. एका खांद्यावर बॅग टाकण्याची सवय मान आणि पाठ दोन्हींना जाचते. शिवाय एकाच सांध्यावर सगळा ताण येऊन तो आधी उसवतो.

गर्दीच्या लोकलमध्ये सॅक पाठीवर न ठेवता पोटाशी घ्यावी. त्यात सहप्रवाशांची सोय आहे आणि चेनही नजरेसमोर राहते. मेट्रोच्या तपासणी यंत्रात टाकताना बक्कल व रनर वरच्या बाजूला ठेवावेत. पट्ट्यावर घासून चामड्याला ओरखडे पडतात.

पावसाळ्यातली निगा

चामडे ओले झाल्याने लगेच बिघडत नाही, ते चुकीच्या रीतीने वाळवल्याने बिघडते. भिजलेली सॅक रिकामी करून मऊ सुती कापडाने टिपावी, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि पंख्याखाली, सावलीत वाळू द्यावी. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर, गॅसची शेगडी यांच्या उष्णतेने चामड्यातील स्निग्धांश निघून जातो आणि ते तडकते. वाळल्यानंतर लेदर कंडिशनरचा पातळ हात द्यावा. एरवीही तीन-चार महिन्यांतून एकदा तो द्यावा. आधी तळाच्या कोपऱ्यावर लावून रंग बदलतो का, ते पाहावे. घरातले खोबरेल लावण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने चामडे गडद व नको तितके मऊ पडते, आणि ते सदऱ्यालाही लागते. बुटाचे पॉलिशही सॅकला वर्ज्य, कारण त्याचा रंग कपड्यांवर उतरतो.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. अशा दिवसांत बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच. सुती पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, हवेशीर जागी ती ठेवावी आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढावी. पांढरी बुरशी आलीच, तर ती घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडावी, सावलीत वारा द्यावा आणि मग कंडिशनर लावावे. झोडपणाऱ्या पावसाच्या दिवसांसाठी बॅगेवर चढवायचे जलरोधक आवरण जवळ असावे. ज्यांना रोज बराच वेळ पावसात चालावेच लागते, त्यांनी जून ते सप्टेंबर साधी नायलॉनची सॅक वापरणे अधिक शहाणपणाचे.

किमतीपलीकडचा हिशेब

चामड्याच्या उद्योगाची दुसरी बाजूही ग्राहकाला ठाऊक असावी. कातडी कमावण्याच्या कारखान्यांतील सांडपाण्याने तमिळनाडूत नद्या व जमिनी नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या प्रकरणात, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. एकेकाळी धारावीतही कातडी कमावली जात. आता तिथले कारागीर मुख्यतः बाहेरून येणाऱ्या तयार चामड्यापासून बॅगा, पाकिटे व पट्टे बनवतात. अशा कारागिरांकडून थेट बॅग शिवून घेता येते. त्यात चामडे डोळ्यांसमोर निवडता येते, लॅपटॉपच्या मापाचा कप्पा करून घेता येतो आणि पुढे शिवण उसवली, तर ती कोणाकडे न्यायची, हेही माहीत असते.

समजा, दीड हजारांची नकली बॅग दोन वर्षे टिकली आणि सहा हजारांची अस्सल बॅग दहा वर्षे. पहिलीचा खर्च वर्षाला साडेसातशे पडतो, दुसरीचा सहाशे. फरक फार मोठा नाही. पण पहिल्या हिशेबात दहा वर्षांत पाच बॅगा कचऱ्यात जातात. अर्थात, दुसरा हिशेब बरोबर येण्यासाठी दोन अटी आहेत : घेताना पारख आणि घेतल्यावर निगा. पहिली अट दुकानात अर्धा तास मागते, दुसरी वर्षातून तीन-चार वेळा दहा मिनिटे. तेवढा वेळ देणे शक्य नसेल, तर कॅनव्हासची सॅक घेण्यात काहीच कमीपणा नाही.