बूट घ्या, पण संध्याकाळी!

आपल्याकडे कुठल्याही शूजला बूट म्हणतात. मी बोलतेय घोटा झाकणाऱ्यांबद्दल. जीन्सवर चेल्सी झकास दिसतो! व्हिक्टोरिया राणीचे बूट बनवणाऱ्या स्पार्क्स-हॉलची ही स्टाइल. बाजूला इलॅस्टिक, लेस नाही. म्हणजेच सैल झाला तर आवळायची सोयही नाही. पंजा रुंद असेल तर लेसवाला चका बरा. क्लार्क्सचा १९५०चा डेझर्ट बूट त्यातलाच.

पाय दिवसभरात थोडे फुगतात, म्हणून ऑफिस सुटल्यावरच दुकान गाठा. रोजचेच मोजे, दोन्ही पायांत बूट, आणि मस्त चार फेऱ्या. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नवीन बुटात टाच किंचित उचलली तर चालतं, पण पंजा आवळला तर? सेल्समन म्हणेल, ‘वापरून सैल होईल.’ लेदर रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. बोटं टेकली की मी तरी जोडी खाली ठेवते, सेल असला तरी.