ऑप-एड

ऑप-एड : वृत्तपत्रातील संपादकीय पृष्ठाच्या समोरचे पृष्ठ व त्यावर लेखकाच्या नावानिशी प्रसिद्ध होणारा मतप्रधान लेख, या दोहोंना उद्देशून वापरली जाणारी संज्ञा. ‘ऑपोझिट’ म्हणजे समोरचे आणि ‘एडिटोरिअल’ म्हणजे संपादकीय, या इंग्रजी शब्दांच्या संक्षेपांतून ती तयार झाली. ‘ऑप’ हा ‘ओपिनियन’चा संक्षेप असावा किंवा अग्रलेखास विरोध करणारे लेखन त्यातून सूचित होत असावे, असा समज पुष्कळदा आढळतो, तो व्युत्पत्तीस धरून नाही. संज्ञा मूलतः स्थळवाचक आहे. अग्रलेख सामान्यतः निनावी असतो व तो वृत्तपत्राचे धोरण व्यक्त करतो. ऑप-एड लेखातील मत मात्र लेखकाचे स्वतःचे मानले जाते.

आधुनिक ऑप-एड पृष्ठाच्या प्रवर्तनाचे श्रेय सामान्यतः ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाचा संपादक हर्बर्ट बेयर्ड स्वोप याला देतात. संपादकीयासमोरच्या पृष्ठावर ग्रंथपरीक्षणे, मृत्युलेख इ. किरकोळ मजकूर भरला जाई. १९२१ मध्ये स्वोपने तेथे केवळ मतप्रधान लेखनास स्थान दिले. हे लेखन बहुधा पत्राच्या स्वतःच्या सदरलेखकांचे असे. हेवुड ब्रून हा त्यांपैकी एक प्रमुख लेखक होता. मॅसॅचूसेट्समधील साको व व्हांझेटी या इटालियन स्थलांतरितांच्या मृत्युदंडाविरुद्ध त्याने ऑगस्ट १९२७ मध्ये अत्यंत तीव्र शब्दांत लिहिले. त्यानंतरचे या विषयावरील त्याचे लेखन छापण्यास प्रकाशक राल्फ पुलित्झर याने नकार दिला. पुढे १९२८ मध्ये ब्रूनला पत्रातून काढून टाकण्यात आले. मत लेखकाचे असले, तरी जागा मालकाची असते, ही या प्रथेतील मूलभूत अडचण त्या प्रसंगी स्पष्ट झाली. ‘वर्ल्ड’ १९३१ मध्ये बंद पडले.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २१ सप्टेंबर १९७० रोजी आपले ऑप-एड पृष्ठ सुरू केले. संपादकीय विभागाचा प्रमुख जॉन ओक्स याने त्याचा पाठपुरावा केला होता व हॅरिसन सॉल्झबरी हा त्याचा पहिला संपादक झाला. पत्राच्या सदरलेखकांबरोबर बाहेरच्या लेखकांनाही, विशेषतः पत्राच्या धोरणाहून भिन्न मते मांडणाऱ्यांना, तेथे नियमित स्थान मिळाले. पुढे अनेक वृत्तपत्रांनी ही पद्धत स्वीकारली. प्रत्यक्ष समोरच्या पृष्ठावर नसलेल्या लेखांनाही मग हीच संज्ञा लावली जाऊ लागली.

संगणकाच्या वा दूरध्वनीसंचाच्या पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रास ‘समोरचे पृष्ठ’ नसते. या कारणास्तव ‘टाइम्स’ने एप्रिल २०२१ मध्ये ही संज्ञा सोडून बाहेरच्या लेखकांच्या लेखांसाठी ‘गेस्ट एसे’ म्हणजे अतिथी-निबंध, हे नाव स्वीकारले. अन्यत्र जुनी संज्ञा प्रचारात आहे. पडद्यावर अग्रलेख व अतिथीचा लेख एकाच स्वरूपात पुढे येत असल्याने पृष्ठरचनेमुळे आपोआप कळणारा भेद आता शीर्षकाजवळ शब्दांनी दाखवावा लागतो. तो न दाखविल्यास लेखकाचे मत पत्राच्या माथी व पत्राचे मत लेखकाच्या माथी मारले जाण्याचा संभव असतो.