विषय द्या, क्रमांक नको

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत हौशी गायक-वादकांची वानवा नाही. कराओकेवर जुनी हिंदी-मराठी गाणी म्हणणारे गट आहेत, वस्त्यावस्त्यांत भजनी मंडळे आहेत, महाविद्यालयांत गिटार वाजवणारी मुले-मुली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. एके काळी आवाज ध्वनिफितीवर उमटवायचा तर आकाशवाणीच्या स्वरचाचणीत उतरावे लागे. आज रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरच्या घरी गाणे मुद्रित होते आणि झोपण्यापूर्वी ते शंभर जणांपर्यंत पोचलेलेही असते. साधने अशी हाताशी आली, पण त्या मानाने नवे गाणे वाढले नाही. जे मुद्रित होते त्यातले बहुतेक मूळ गाण्याची प्रतिकृती असते. ट्रॅक तोच, चाल तीच, हरकतीही त्याच. माझे म्हणणे असे की, हौशी संगीताला आज स्पर्धेतल्या क्रमांकापेक्षा विषयाची आणि मुदतीची गरज अधिक आहे. सर्वांना एकच विषय द्यावा, दिवस बांधून द्यावेत, ज्याने-त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे नवे काही रचून ध्वनिमुद्रित करावे, ते सर्वांनी ऐकावे, आणि पहिला-दुसरा कोणालाच ठरवू नये. वऱ्हाडाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तिचे सगळे घटक आपल्याकडे जुने आहेत.

जगात अशा उपक्रमांना दोन दशकांचा अनुभव आहे. अमेरिकेत 2004 साली काही गीतकारांनी ‘फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ’ सुरू केला. त्याचा नियम एका ओळीत मावतो: फेब्रुवारीच्या 28 दिवसांत 14 गाणी रचायची. 2006 साली न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्‌समथ गावातून ‘आरपीएम चॅलेंज’ निघाले; त्यात महिनाभरात दहा गाणी किंवा 35 मिनिटांचे संगीत रचून मुद्रित करायचे असते. जानेवारी 2012 मध्ये मार्क वाइडनबॉम यांनी ‘डिस्क्वाएट जुंटो’ सुरू केले. तिथे दर गुरुवारी एक सूचना दिली जाते आणि सोमवारपर्यंत ती पुरी करायची असते. पहिली सूचना होती पेल्यातल्या बर्फाचा आवाज मुद्रित करून त्यातून काही घडवण्याची. या तिन्ही उपक्रमांचा गाभा एकच आहे. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, प्रवेशाची चाळणी नाही. बंधन मात्र पक्के आहे. हौशी माणसाला अडवते ते सहसा कौशल्य नसते. कुठून सुरुवात करावी आणि कुठे थांबावे हेच त्याला उमगत नाही. विषय पहिली अडचण सोडवतो, मुदत दुसरी.

आता आपल्याकडे पाहू. पिठोरी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, वऱ्हाडातल्या गावांत बैल सजवून तोरणाखाली आणतात आणि झडत्या सुरू होतात. एकाने झडती म्हणायची, शेवटी महादेवाचा गजर व्हायचा आणि लगेच दुसऱ्या बाजूने त्याला तोडीस तोड झडती यायची. विषय ठरलेला असतो: बैल, शेत, पीकपाणी, शंकर-पार्वती. मुदतही ठरलेली असते, कारण तोरण तुटले की झडत्या संपल्या. या चौकटीत सावकार येतो, कापसाचा भाव येतो, पुढारी येतो, यंदा पावसाने दिलेली ओढ येते. म्हणणारा शेतकरी स्वतःला कवी म्हणवून घेत नाही. तरीही त्याच्याकडून दरवर्षी ताजी रचना निघते, कारण दिवस त्याची वाट पाहत थांबत नाही आणि समोरचा गट उत्तर मागत असतो. झडत्यांत कोणाची झडती सरस झाली याची चर्चा गावात होते, पण प्रमाणपत्र कोणी देत नाही. एका विषयावर, एका दिवशी, अनेकांनी आपापल्या बुद्धीने रचावे आणि एकमेकांचे ऐकावे, हे तत्त्व इथे शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या चालवले आहे. त्यात ध्वनिमुद्रण तेवढे जोडायचे बाकी आहे.

दुसरा घटक गझलेच्या परंपरेत सापडतो. अचलपूर, बाळापूर, अकोला, अमरावती या गावांत उर्दूचा वावर जुना आहे आणि उर्दू काव्यव्यवहारात तरही मुशायऱ्याची रीत सर्वपरिचित आहे. एक मिसरा आधी जाहीर करायचा. त्याचे वृत्त, काफिया आणि रदीफ म्हणजे त्या मुशायऱ्याची जमीन. त्या जमिनीवर प्रत्येकाने आपली गझल रचून आणायची. वीस शायर एकाच काफियाशी झुंजतात तेव्हा कोणाची कल्पना उसनी आणि कोणाची स्वतःची, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. मराठी गझलेला प्रतिष्ठा मिळवून देणारे सुरेश भट अमरावतीचे. 15 एप्रिल 1932 रोजी ते तिथे जन्मले. ‘रूपगंधा’ (1961), ‘रंग माझा वेगळा’ (1974) आणि ‘एल्गार’ (1983) या संग्रहांतून त्यांनी मराठीत काटेकोर बंधने पाळून अत्यंत स्वाभाविक बोली चालवून दाखवली, आणि नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. नियम उघड करून सांगितले की नवखा माणूसही आत येऊ शकतो, हा विश्वास तिच्यामागे आहे. याच जिल्ह्यातल्या भीमराव पांचाळे यांनी ती गझल गाऊन गावोगाव नेली. ज्या भूमीत बंधन हे रचनेचे साधन म्हणून इतके मुरले आहे, तिथल्या हौशी संगीतकाराला ‘अमुक विषयावर, अमुक मात्रांत, अमुक तारखेपर्यंत’ असे सांगणे जाचक वाटू नये.

तिसरा आणि सर्वांत मोठा दाखला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. 1909 साली यावली येथे जन्मलेल्या या माणसाने खंजिरी हाती घेऊन सामुदायिक गायनाची जी रीत घातली, तिच्यात हौशी गायक हाच केंद्रस्थानी होता. 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून जे भजन म्हणू लागले ते शेतकरी, मजूर, शाळामास्तर होते. महाराजांच्या भजनांना विषय असे: ग्रामसफाई, व्यसन, अस्पृश्यता, शिक्षण, श्रम. त्यांच्या ‘ग्रामगीते’चे 41 अध्याय पाहिले तर गावाच्या जगण्यातला एकेक प्रश्न घेऊन रचना करण्याची तीच पद्धत दिसते. 1942 च्या लढ्यात त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. इंग्रज सरकारला त्यांच्या भजनांचे वजन कळले होते याचा हा पुरावाच आहे. शेणगावचे गाडगेबाबा हेही अमरावती जिल्ह्यातलेच. घर सोडल्यावर सुमारे अर्धशतक त्यांनी गावोगाव कीर्तने केली, श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढली. त्या अफाट वाणीतले मुद्रित असे फार थोडे उरले. नोव्हेंबर 1956 मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, वांद्रे येथे झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले म्हणून त्यांची लय, त्यांचा ठसका आणि श्रोत्यांचा प्रतिसाद आज आपण ऐकू शकतो. फीत फिरत नव्हती तेव्हाची हजारो कीर्तने आठवणींपुरती राहिली. रचण्याइतकेच मुद्रित करणे का महत्त्वाचे, हे यावरून समजावे.

विषय समान ठेवण्याचा आणखी एक लाभ भाषाशास्त्राने दाखवला आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात वऱ्हाडीचेही नमुने आहेत. ठिकठिकाणच्या बोलींत त्यांनी बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट सांगायला लावली. गोष्ट एक असल्यामुळेच बोलींमधले फरक स्पष्ट झाले. संगीतालाही हेच लागू आहे. दहा जणांनी दहा वेगवेगळी गाणी गायली तर आपण आवाज तोलतो. दहा जणांनी एकाच विषयावर रचले तर विचार, चाल, ठेका, शब्दांची निवड हे सारे तुलनेला येते, आणि शिकणे तिथे घडते. आपल्या युवक महोत्सवांत यातला अर्धा भाग आधीच आहे. विद्यापीठांच्या महोत्सवात चित्रकला, व्यंगचित्र, मातीकाम या प्रकारांना विषय जागेवर दिला जातो आणि अडीच तासांत काम पुरे करायचे असते. समूहगीताला मात्र सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटे एवढेच नियम असतात. चित्रकाराकडून आपण नवे चित्र मागतो आणि गायकाकडून पाठ केलेले गाणे. हा भेद कोणत्याही तत्त्वावर उभा नाही, केवळ सवयीने चालत आला आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कलेच्या स्वायत्ततेचा: सांगून सुचत नाही, फर्माईशीने झालेली रचना उथळ असते. हा आक्षेप प्रेरणेला विषयाची विरोधक समजतो. समस्यापूर्तीपासून तरही गझलेपर्यंत, सवाल-जवाबापासून झडतीपर्यंत, आपल्या परंपरेतला मोठा भाग कोणीतरी टाकलेल्या आव्हानाला दिलेले उत्तर आहे. दुसरा आक्षेप दर्जाचा. चाळणी नसली तर कच्च्या गाण्यांचा पूर येईल, हे खरे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण हौशी कलेत कच्चे काम हाच पायाभूत टप्पा असतो. वर्षात एक गाणे स्पर्धेसाठी सहा महिने घोटणाऱ्यापेक्षा बारा कच्ची गाणी पुरी करणारा माणूस मुखडा, अंतरा, शेवट यांविषयी जास्त शिकतो, कारण त्याने बारा वेळा शेवट केलेला असतो. ऐकणाऱ्यावर भार पडू नये म्हणून गाण्याची लांबी चार मिनिटांत बांधावी आणि प्रत्येक सहभागी माणसाने किमान तीन इतरांची गाणी ऐकून त्यांना नेमका अभिप्राय द्यावा, एवढा नियम पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विषय दिला की गाणे प्रचारकी होते. स्वच्छता, मतदान, पाणी वाचवा अशा विषयांवरच्या गीतांचा अनुभव हा आक्षेप बळकट करतो. दोष मात्र विषय देण्यात नसून विषय निवडण्यात आहे. उपदेश हा विषय होऊ शकत नाही. वस्तू, आवाज, जागा, वेळ हे होऊ शकतात. ‘पाण्याचे महत्त्व’ म्हटले की घोषणा निघते. ‘खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी’ म्हटले की पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावकऱ्याला त्या पाण्याची चव, त्याने चढणारे हंड्यावरचे पांढरे थर, गोड पाण्यासाठीची पायपीट आठवते. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर पूर्वी धावणाऱ्या शकुंतला या अरुंद रुळांच्या गाडीची चाल, सरकी काढणाऱ्या जिनिंगचा ठेका, मे महिन्यातली अकोल्याची दुपार, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांतली खिरापत ओळखण्याची चढाओढ: असे विषय दिले तर कोणी भाषण करू शकणार नाही. मेळघाटातल्या कोरकू गायकाला, बाळापूरच्या उर्दू शायराला, तांड्यावरच्या बंजारा गायिकेला अशा विषयावर आपल्या भाषेत सहज येता येईल. तुकडोजी महाराजांची सफाईविषयक भजने टिकली तीही गावातल्या उकिरड्याचे नाव त्यांनी घेतले म्हणून.

चौथा आक्षेप असा की, क्रमांक नसेल तर लोक कशासाठी झटतील? राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे, अमरावती आणि अकोला ही तिची केंद्रे आहेत, आणि हौशी रंगभूमी तिने जिवंत ठेवली. कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांनी अनेक मंडळांना नियमित तालमीची शिस्त लावली. हे श्रेय निःशंक मान्य करावे. पण त्या स्पर्धांनी दिलेली खरी देणगी कोणती? दरवर्षी येणारी तारीख, तयार रंगमंच, आणि आपल्यासारख्यांनीच भरलेले सभागृह. या तीन गोष्टी क्रमांकाशिवायही देता येतात. क्रमांकामुळे मात्र एक तोटा होतो: परीक्षकांना गेल्या वर्षी काय रुचले याकडे पाहून मंडळे तेच पुन्हा बसवतात. नवे करणाऱ्याला हरण्याची भीती सर्वांत जास्त असते, आणि ती भीती काढून घेणे हाच विषयाधारित उपक्रमाचा हेतू आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. आंतरजालावर थेट एकत्र वाजवणे जमत नाही, कारण आवाज पोचायला पंचवीस-तीस मिलिसेकंदांहून अधिक उशीर झाला की ठेका विस्कटतो. म्हणून आळीपाळीची रीत बरी. अमरावतीच्या खंजिरीवाल्याने ठेका मुद्रित करून पाठवावा, अकोल्याच्या पेटीवाल्याने तो कानात ऐकत त्यावर सूर भरावेत, तिसऱ्याने गावे. पंखा बंद, भिंतींना गोधड्या, फोन तोंडापासून वीतभर आणि खंजिरीपासून चार हात लांब, एवढी काळजी घेतली तर फोनवरचे मुद्रण ऐकण्याजोगे होते. दुसरी गोष्ट स्वामित्वाची. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे आणि गीत-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. चित्रपटगीताच्या ट्रॅकवर गायलेले गाणे संकेतस्थळे काढून टाकतात, आणि गायकाजवळ स्वतःचे काहीच राहत नाही. स्वतः रचलेले गाणे त्याचेच असते.

म्हणून मागणी साधी आहे. दर अमावास्येला एक विषय जाहीर व्हावा आणि पुढच्या अमावास्येपर्यंत मुदत असावी. विषय ठरवण्याचा मान आळीपाळीने एकदा अमरावतीच्या, एकदा अकोल्याच्या मंडळाकडे जावा. अमरावती आणि अकोल्याच्या आकाशवाणी केंद्रांनी महिन्यातून अर्धा तास या गाण्यांना द्यावा. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने त्यांची मूळ मुद्रणे रचनाकाराचे नाव, गाव, बोली आणि तारीख नोंदवून जपावीत. यासाठी मोठा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. लागते ती नेमाने विषय देणारी आणि आलेले प्रत्येक गाणे शेवटपर्यंत ऐकणारी माणसे. उपक्रम यशस्वी झाला की नाही, हे किती मोठे कलावंत त्यातून निघाले यावर ठरवू नये. ज्याने आयुष्यात कधी चाल बांधली नव्हती अशा माणसाने दुसऱ्या महिन्यातही गाणे पाठवले, तर उपक्रम यशस्वी झाला असे खुशाल समजावे.