स्वस्त लॅपटॉपांवरचं लिनक्स

पैठण, सिल्लोड, गंगापूरहून छत्रपती संभाजीनगरला शिकायला येणाऱ्या मुलांना बहुधा बजेटमधलाच लॅपटॉप परवडतो. त्यावर लिनक्स टाकायची वाट गेल्या दशकाहून अधिक काळात कधी मोकळी झाली, कधी पुन्हा अडली.

2012मध्ये विंडोज 8सोबत सिक्युअर बूट आलं. मान्यताप्राप्त सही नसलेला बूटलोडर मशीन चालूच करेना. इंटेल-एएमडी मशीनवर ते बंद करता आलं पाहिजे, अशी तेव्हा मायक्रोसॉफ्टचीच अट होती. तरी काही लॅपटॉपांत तो पर्याय फिकट दिसायचा, निवडताच यायचा नाही. आधी बायोसला सुपरवायझर पासवर्ड द्यायचा, मग तो हलायचा. हे सांगणारं कुणी नसलं की पोरं तिथूनच माघारी फिरायची. 2013च्या जानेवारीत फेडोरा 18 हे लिनक्स सही केलेल्या ‘शिम’ या छोट्या बूटलोडरसह आलं आणि ही अडचण बरीच सुटली.

खरा कस लागला तो 2016च्या सुमारास. मुंबईच्या आयबॉलनं 9,999 रुपयांत कॉम्पबुक आणला: इंटेल अ‍ॅटम प्रोसेसर, 2 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज. या अ‍ॅटमच्या मशीनांत प्रोसेसर 64 बिटचा, पण फर्मवेअर बहुतेक वेळा 32 बिटचं. उबुंटूचा पेनड्राइव्ह लावावा, तर बूट मेनूत त्याचं नावच नाही! मग पेनड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’मधल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटआयए32.ईएफआय’ ही एक छोटी फाइल टाकायची, की नाव दिसायचं. डेबियन 8नं ही सोय 2015मध्येच दिली होती. पुढे वायफाय अडायचं. अशा अनेक मशीनांतल्या रिअलटेक चिपचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये यायला 2017 उजाडलं. तोवर मोबाइल केबलनं जोडून टेथरिंग.

2023मध्ये 16,499 रुपयांचा जिओबुक आला. अँड्रॉइडवर बेतलेलं जिओओएस, मीडियाटेकचा एआरएम प्रोसेसर. इंटेल-एएमडीसाठीची लिनक्सची नेहमीची आयएसओ फाइल त्यावर चालतच नाही. आधीच्या अडचणींवर खटपटीनं तोड निघत होती. इथे सामान्य विद्यार्थ्याच्या हाती फारसं काही उरत नाही, आणि मला हे मागे जाणं वाटतं.

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नियमित आधार संपला. 2 जीबीच्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. हलक्या डेस्कटॉपचं लिनक्स मात्र बसतं. म्हणून जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. नवा घेताना दुकानातच बायोस उघडून दाखवायला सांगा. यूएसबीवरून बूट होत असेल तरच पैसे मोजा.