स्टंटपटांतील वीरांगना

स्टंटपट हा शब्द उच्चारला कीं सुशिक्षित घरांत बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात. कोणी नाक मुरडतो, तर कोणी हंसून विषय बदलतो. घोडे दौडताहेत, तलवारी खणखणताहेत, गच्चीवरून उड्या पडताहेत, आणि कथेला ना शेंडा ना बुडखा, अशी या चित्रांची ख्याति. मी या चित्रांचा जुना चाहता आहें आणि आज त्यांची, विशेषतः त्यांतील नायिकांची, बाजू मांडणार आहें. चाहत्याची साक्ष पक्षपाती असते हें खरें. म्हणून स्तुतीपेक्षां हकीकतीवरच मी अधिक भर देईन.

या प्रकाराचें मूळ परदेशांत आहे. १९१४ सालीं अमेरिकेंत पर्ल व्हाइट या नटीची ‘पेरिल्स ऑफ पॉलिन’ ही चित्रमालिका निघाली. तींत नायिका वारंवार मरणाच्या दारांत जाई आणि सुखरूप परत येई. असल्या मालिका आपल्याकडेहि आल्या. डग्लस फेअरबँक्सच्या ‘मार्क ऑफ झोरो’सारख्या चित्रांबरोबर त्यांनीं मुंबईच्या तरुण निर्मात्यांना वेड लावलें. १९२७ सालीं इंपीरियल कंपनीच्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या मूकपटांत सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिनें आठ निरनिराळीं सोंगें घेतलीं. त्यांत पोलीस शिपाई होता आणि केळीं विकणारी म्हातारीहि होती. पडद्यावरची स्त्री केवळ रडण्यासाठीं आणि गाण्यासाठीं नसते, ही गोष्ट प्रेक्षकांना तेव्हांच कळून चुकली होती.

परंतु या परंपरेला खरें तेज चढलें तें वाडिया बंधूंच्या हातून. जहाजें बांधणाऱ्या प्रख्यात पारशी घराण्यांतले हे दोघे भाऊ. थोरले जमशेद हे एम्. ए., एल्एल्. बी. झालेले, वाचनाचे आणि राजकारणाचे शोकी. धाकटे होमी हे कॅमेऱ्याचे आणि दिग्दर्शनाचे जाणकार. १९३३ सालीं त्यांनीं वाडिया मूव्हीटोन ही संस्था काढली आणि परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूंत, आपला स्टुडिओ उभा केला.

याच स्टुडिओंत एके दिवशीं मेरी ॲन इव्हान्स नांवाची एक धिप्पाड, सोनेरी केसांची तरुणी येऊन दाखल झाली. तिचा जन्म १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें झाला. वडील ब्रिटिश फौजेंत असल्यामुळें ती लहानपणींच मुंबईला आली. पहिल्या महायुद्धांत वडील कामास आले. पुढें पेशावरकडे राहत असतांना ती घोड्यावर बसावयास शिकली. मुंबईस परतल्यावर दुकानांत विक्रेतीचें काम, टंकलेखन, रशियन बाईकडे नृत्यशिक्षण, नाचाच्या संचाबरोबर दौरे, सर्कस, असे नाना उद्योग तिनें केले. पदरीं एक मुलगा होता. घर चालविणें भाग होतें. एका आर्मेनियन ज्योतिषिणीच्या सल्ल्यावरून तिनें ‘नाडिया’ हें नांव घेतलें, असें सांगतात. जमशेदजींनीं तिला आधीं लहानसहान कामें दिलीं आणि १९३५ सालीं होमींच्या दिग्दर्शनाखालीं ‘हंटरवाली’ हें चित्र तयार झालें.

कथा अगदीं साधी. दुष्ट वजीर राणामल राज्य बळकावतो. राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा आणि हातीं चाबूक घेऊन गोरगरिबांची कैवारी होते. वितरकांना हें चित्र चालेल असें वाटेना. गोरी बाई, तंग विजार, आणि पुरुषांना फटकावणारी नायिका! हें कोण पाहणार, असा त्यांचा हिशेब. शेवटीं निर्मात्यांनीं स्वतःच ग्रँट रोडवरच्या सुपर सिनेमांत तें लावलें. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. चित्र पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चाललें आणि हंटरवालीचें नांव नाना वस्तूंवर झळकूं लागलें.

आतां हीं चित्रें स्वस्तांत कशीं निघत, हें पाहूं. बोलपटाच्या आरंभींच्या काळांत संवादांचें ध्वनिमुद्रण ही मोठी कटकट होती. यंत्राच्या आवाजासाठीं कॅमेरा झांकावा लागे आणि नटाला ध्वनिग्राहकापासून फार दूर जातां येत नसे. पाठलाग किंवा मारामारी यांना संवाद लागत नाहीं. तीं दृश्यें मोकळ्या मैदानांत, उन्हाच्या उजेडांत, मूकपटाप्रमाणें घेतां येत आणि संगीत मागाहून जोडतां येई. कॅमेरा जरा सावकाश फिरविला कीं पडद्यावर घोडा दुप्पट वेगानें धांवे. दिव्यांचा, महालांचा आणि बड्या नटांचा खर्च वांचे. ती वांचलेली रक्कम कोण भरून काढी? नटनटींचें शरीर! नाडिया आपलीं धाडसाचीं कामें स्वतःच करी. तिच्या जागीं दुसरें कोणी उडी मारीत नसे. ‘मिस फ्राँटियर मेल’मध्यें (१९३६) धांवत्या आगगाडीच्या टपावर ती गुंडांशीं झुंजते आणि एकाला चक्क डोक्यावर उचलून धरते. तें पाहतांना आपला श्वास रोखला जातो, कारण समोरचा धोका खोटा नाहीं हें डोळ्यांना कळतें. लाखो रुपयांच्या महालाला जें साधत नाहीं, तें या एका क्षणाला साधतें.

याच चित्राची कथा पहा. नायिका सविता ही खुनाच्या खोट्या आळांत सांपडलेल्या स्टेशनमास्तरची मुलगी. विमान कंपनीचा धंदा वाढावा म्हणून गाड्या उलथवूं पाहणाऱ्या टोळीचा ती छडा लावते. येथें आगगाडी, तारायंत्र आणि मोटार यांत स्त्री सहजपणें वावरते. ‘डायमंड क्वीन’मध्यें (१९४०) तर मुंबईहून गांवीं परतलेली नायिका गांवगुंडांना चोप देतां देतां साक्षरतेचा आणि स्त्रीस्वातंत्र्याचाहि पुरस्कार करते. त्या काळीं १९१८ च्या कायद्यान्वयें चित्रपटांवर सरकारी परीक्षकांची करडी नजर असे. स्वराज्याची उघड भाषा पडद्यावर चालत नसे. परंतु कल्पित राज्यांतला जुलमी वजीर आणि त्याला आव्हान देणारी राजकन्या यांच्या गोष्टीला कात्री कोठें लावणार? पिटांतल्या प्रेक्षकाला मात्र त्या वजिराचा चेहरा ओळखीचा वाटे.

तुलनेसाठीं १९३६ सालचाच प्रभातचा ‘अमरज्योति’ घ्या. श्रीमती दुर्गा खोटे यांची सौदामिनी ही कायद्यानें आपल्या मुलापासून तोडलेली माता. ती सूडानें पेटून समुद्रावर दरोडे घालूं लागते. ती भूमिका भव्य आहे, परंतु तिच्या पराक्रमामागें दुःखाचा डोंगर आहे. नाडियाच्या नायिकेला असें कारण द्यावें लागत नाहीं. ती लढते, कारण समोर अन्याय आहे आणि तिच्या दंडांत बळ आहे. लढून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून मनसोक्त हंसते. स्त्रीच्या बळाला दुःखाची सबब न लागणें, हें मला या चित्रांचें सर्वांत मोठें देणें वाटतें.

आक्षेप नाहींत असें नाहीं. नाडियाचे हिंदी उच्चार परके होते. शिवाय, गोऱ्या बाईनें विजार घालून पुरुषांना लोळविलें तें प्रेक्षकांनीं कौतुकानें पाहिलें; तेंच एखाद्या चाळींतल्या मुलीनें केलें असतें तर त्यांनीं तितक्याच टाळ्या वाजविल्या असत्या काय? मला शंका आहे. परकेपणानें तिला जी मोकळीक दिली, ती आपल्या मुलींना सहजासहजीं मिळाली नसती. साम्राज्याच्या शिपायाची मुलगी आपल्या स्वातंत्र्याकांक्षेची नायिका व्हावी, हा विरोधाभासहि विसरतां येत नाहीं. पण ज्या गिरणगांवांत ती घोडा फेंकीत असे, तेथल्या प्रेक्षकाला स्त्री अशीहि असूं शकते हें तिनें दाखविलें, हें कोण नाकारील?

पुढें जमशेदजींना प्रतिष्ठित चित्रांची ओढ लागली. १९४१ सालीं त्यांनीं साधना बोस यांचा ‘राजनर्तकी’ काढला. दोघां भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. परळच्या त्या वास्तूंत शांतारामबापूंचें राजकमल उभें राहिलें, आणि होमींनीं १९४२ सालीं बसंत पिक्चर्स काढून १९४३ सालीं ‘हंटरवाली की बेटी’ पडद्यावर आणली. चाबूक पुन्हां कडाडला. होमी आणि नाडिया यांचा विवाह १९६१ सालीं झाला. १९६८ सालच्या ‘खिलाडी’नंतर तिनें पडद्याचा निरोप घेतला, आणि १९९६ च्या जानेवारींत, अठ्ठ्याऐंशीं वर्षें पुरीं करून, मुंबईंतच देह ठेवला. तत्पूर्वीं १९९३ सालीं वाडिया घराण्यांतल्याच रियाद वाडिया यांनीं तिच्यावर माहितीपट काढून नव्या पिढीला तिची ओळख करून दिली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ज्यांना आपण हलकीं म्हणतों, तीं चित्रें कोणी जपून ठेवीत नाहीं. जुनी फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजते आणि ठिणगी पडतांच पेटते. पुण्यांत २००३ सालीं लागलेल्या आगींत असा पुष्कळ ठेवा भस्मसात झाला. पोथी फाटली तर तिची नक्कल करणारा कोणी तरी निघतो. स्टंटपट मात्र आपल्या तुच्छतेमुळेंच पुष्कळसे नाहींसे झाले. जे थोडे उरले आहेत त्यांपैकीं एखादा पाहण्याचा योग आला, तर श्रोतेहो, घरांतल्या मुलींना बरोबर घेऊन पहा. कथेंतले दोष त्यांना सहज दिसतील. ते आपण दाखवूं नयेत. गाडीच्या टपावर उभी राहून हंसणारी ती बाई मात्र त्यांना डोळे भरून पाहूं द्यावी.